बर्गरची साखळी आणि वडापावची गाडी

१९९६ च्या ऑक्टोबरात मॅकडोनाल्ड्सचे भारतातले पहिले उपाहारगृह दिल्लीच्या वसंत विहारात उघडले. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर कंपनीने दुसरा गड मांडला. केंटकी फ्राइड चिकन आदल्या वर्षी बंगळूरला आले होते आणि एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या शेतकरी संघटनेने त्याच्याविरुद्ध रान उठवले होते. डॉमिनोज १९९६ मध्येच दिल्लीत दाखल झाले. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर पाचेक वर्षांत परदेशी साखळ्या एकामागून एक आल्या. या घटनेचा इतिहास बहुधा चवीच्या अंगाने सांगितला जातो: परक्या पावाने देशी पावावर स्वारी केली आणि देशी पावाने ती परतवली. प्रत्यक्षात ही चढाओढ चवीवर फारच थोडी झाली. ती झाली भाजीच्या गाडीवर, भाडेपट्ट्यावर, करारातल्या कलमांवर आणि शेवटी नावाच्या पाटीवर.

एका नावाची अनेक खाद्यगृहे मुंबईला नवी नव्हती. इराण्यांची हॉटेले नाक्यानाक्यावर होती आणि उडुपी उपाहारगृहे तर माटुंग्यापासून डोंबिवलीपर्यंत पसरली होती. पण त्यांचा विस्तार नात्यागोत्याने होत गेला. गावाकडून आलेला पोरगा आधी टेबले पुसायचा, मग गल्ल्यावर बसायचा आणि पुढे मामाच्या किंवा मालकाच्या मदतीने स्वतःचे दुकान थाटायचा. सांबाराची चव दर दुकानात निराळी असली तरी कुणाची तक्रार नसे. अमेरिकेत जन्मलेल्या साखळीचे सूत्र याच्या नेमके उलटे होते. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या भावांनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो येथे आपल्या खानावळीतले वाढपी काढून टाकले, पदार्थ मोजके ठेवले आणि स्वयंपाकघर कारखान्यासारखे मांडले. मिल्कशेकची यंत्रे विकणारा रे क्रॉक १९५४ मध्ये तिथे पोचला आणि पुढल्याच वर्षी त्याने इलिनॉयमध्ये आपली पहिली शाखा काढली. १९६१ मध्ये त्याने भावांकडून सारा धंदा २७ लाख डॉलरला विकत घेतला. क्रॉकने विकायला काढलेली वस्तू बर्गर नव्हती. कुठल्याही शाखेत शिरलात तरी तोच पदार्थ, तेवढ्याच वेळात, तेवढ्याच वजनाचा मिळेल, ही हमी तो विकत होता.

ही हमी भारतात देणे भलतेच जड होते. गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही वगळल्यावर कंपनीच्या मूळ यादीत फारसे काही उरत नव्हते. मुंबईकडचे भागीदार अमित जटिया स्वतः शाकाहारी. त्यांची हार्डकॅसल रेस्टॉरंट्स पश्चिम व दक्षिण भारत पाहणार आणि विक्रम बक्षी यांची कॅनॉट प्लाझा रेस्टॉरंट्स उत्तर व पूर्व, अशी वाटणी झाली. दोन्ही ठिकाणी निम्मी भागीदारी अमेरिकन कंपनीची. शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांची भांडी, तळण्या व कामगार वेगळे ठेवले गेले आणि अंडे नसलेले मेयोनेझ तयार करवून घेतले गेले. बिग मॅकच्या जागी महाराजा मॅक आला. पुढे आलेल्या मॅकआलू टिक्कीने तर धंद्याचा मोठा भार आपल्या खांद्यावर घेतला. बटाट्याची टिक्की पावात घालून विकणारी अमेरिकन कंपनी पाहून दादरच्या वडेवाल्याला गंमत वाटली असल्यास नवल नाही.

पण यादी बदलणे हा सोपा भाग होता. पहिले दार उघडण्यापूर्वी सुमारे सहा वर्षे कंपनी पुरवठ्याच्या मागे लागली होती. मॉस्कोत १९९० मध्ये पुश्किन चौकातली शाखा उघडताना तिने शहराबाहेर स्वतःचा अवाढव्य प्रक्रिया-कारखाना बांधला होता, कारण सोव्हिएत व्यवस्थेत विश्वासाने माल देणारा कुणी नव्हता. भारतात तिने स्वतःचा कारखाना काढला नाही. इथले उत्पादक शोधले, त्यांना आपले मोजमाप शिकवले आणि त्यांच्यावरच भिस्त ठेवली. या जाळ्याच्या बऱ्याच गाठी महाराष्ट्रातच होत्या.

आइसबर्ग लेट्यूसचेच घ्या. कोबीसारखा गड्डा असलेली, पाणीदार, करकरीत पानांची ही भाजी त्याआधी देशात थंडीत आणि थोड्याच ठिकाणी होत असे. तळेगावच्या त्रिकाया अ‍ॅग्रिकल्चरने ती बारमाही पिकवण्याचे मनावर घेतले. पीक काढल्यावर खरी परीक्षा सुरू होते. शेतातून आलेल्या गड्ड्यात उन्हाची ऊब असते. ती तशीच राहिली तर पान काही तासांत मलूल होते आणि कडा तपकिरी पडतात. म्हणून गड्डा कापल्याबरोबर शीतखोलीत नेऊन आधी ती ऊब काढायची, मग थंड गाडीतून मुंबईला धाडायचा आणि ग्राहकाच्या हाती पोचेपर्यंत कुठेही गारवा तुटू द्यायचा नाही. बाजार समितीच्या आवारात टेम्पोतून भाजी ओतण्याची सवय असलेल्या व्यवस्थेत ही शिस्त अगदीच अनोळखी होती. भाज्यांच्या आणि कोंबडीच्या टिक्क्या तळोजा औद्योगिक वसाहतीतल्या व्हिस्टा प्रोसेस्ड फूड्समध्ये बनत; या कारखान्यात अमेरिकेच्या ओएसआय कंपनीची भागीदारी होती. चीज बारामतीच्या डायनामिक्स डेअरीतून येई. हे सगळे गोळा करून शाखाशाखांना पोचवण्याचे काम राधाकृष्ण फूडलँडकडे होते. तिच्या गाड्यांत गोठवलेला माल उणे १८ अंशांना, लेट्यूस निराळ्या थंडाव्यात आणि पाव साध्या हवेत, असे कप्पे असत.

बटाट्याने मात्र बराच काळ दाद दिली नाही. भारतीय घरात शिजणाऱ्या बटाट्यात पाणी जास्त, साखरही जास्त. तो लांब कापून तळला की मऊ पडतो आणि काळपट दिसतो. त्यामुळे सुरुवातीला फ्रेंच फ्राइज बाहेरदेशातून आणावे लागले. पुढे कॅनडाच्या मॅककेन कंपनीने गुजरातेत शेतकऱ्यांकडून प्रक्रियेला योग्य वाण लावून घेतले आणि मेहसाण्यात कारखाना उभारला, तेव्हा हा प्रश्न सुटला.

तळणीने एकदा कंपनीला चांगलेच अडचणीत आणले. २००१ च्या मे महिन्यात अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे काही शाकाहारी हिंदूंनी दावा लावला. फ्राइज शुद्ध वनस्पती तेलात तळतो असे कंपनी १९९० पासून सांगत होती, पण कारखान्यातच त्यांना गोमांसाच्या अर्काची चव दिली जात होती. बातमी मुंबईत पोचताच निदर्शने झाली आणि ठाण्यातल्या शाखेची मोडतोड झाली. इथल्या फ्राइजमध्ये तसा अंश नसल्याचे तपासणीत आढळले. अमेरिकेत कंपनीने माफी मागितली आणि २००२ मध्ये तडजोड करून १ कोटी डॉलर शाकाहारी, हिंदू व इतर संस्थांना देण्याचे मान्य केले. सॅन बर्नार्डिनोच्या स्वयंपाकघरात ठरलेली सगळीकडे सारख्या पदार्थाची कल्पना आणि ठाण्यातल्या ग्राहकाची श्रद्धा यांत केवढे अंतर होते, हे या प्रसंगात उघडे पडले. भारतात कंपनी टिकली ती मुळात तिने हा सारखेपणा आधीच सोडून दिला होता म्हणून.

सुरुवातीच्या काळात मॅकडोनाल्ड्स ही वाढदिवसाची जागा होती. मध्यमवर्गीय आईवडील मुलांना वर्षातून एखाददुसऱ्या वेळी तिथे नेत. २००४ मध्ये कंपनीने मॅकआलू टिक्की २० रुपयांना द्यायला सुरुवात केली, तेव्हा कॉलेजची मुले आत शिरली. भाव उतरवून गर्दी वाढवणे शक्य झाले ते वर सांगितलेल्या जाळ्यामुळेच. बटाटा, वाटाणा, पाव सारे देशातले; नासाडी कमी. आता बर्गरची गाठ थेट वडापावशी पडली.

वडापाव हा मुंबईच्या गिरण्यांच्या काळातला पदार्थ. दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पाळीवर जाणाऱ्या कामगाराला उभ्याउभ्या, एका हातात धरून खाता येईल असे ते जेवण होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या आणि काम गमावलेल्या अनेकांनी पोटापाण्यासाठी वड्याची गाडी लावली. त्याही आधीपासून शिवसेनेने मराठी तरुणांना या धंद्याकडे वळवले होते. उडुपी हॉटेलांना तो एक जबाबच होता. गाडीचा हिशेब साधा असतो. एक कढई, एक स्टोव्ह, बेसनाचा घाणा, लसणाची सुकी चटणी, खारवलेल्या तळलेल्या मिरच्या आणि कागदाचे तुकडे. बटाट्याचे सारण घरी पहाटे मळले जाते, वडे गिऱ्हाईक समोर असतानाच सोडले जातात, आणि रात्री उरलेल्या मालाचा प्रश्न सहसा येत नाही.

हाच पदार्थ साखळीत गुंफण्याचा पहिला ठळक प्रयत्न धीरज गुप्ता यांनी केला. २००१ मध्ये मालाड स्टेशनबाहेर त्यांनी दुकान काढले आणि त्यातून पुढे जम्बोकिंग उभे राहिले. वडा नेहमीपेक्षा मोठा, पाव वेष्टनात, कामगार गणवेशात, दुकान लहान आणि शक्यतो रेल्वे स्टेशनच्या तोंडाशी. तीन वर्षांनी, २००४ मध्ये, व्यंकटेश अय्यर यांच्या गोली वडापावचे पहिले दुकान कल्याणला उघडले. गोलीने एक पाऊल पुढे टाकले. वडा दुकानात बनवायचाच नाही. कारखान्यात बनवून, गोठवून, शाखांना पाठवायचा आणि तिथे फक्त तळायचा. त्यासाठी तिने गाठले ते तळोज्याच्या व्हिस्टालाच. मॅकडोनाल्ड्सच्या टिक्क्या करणाऱ्या कारखान्यातून देशी वडा बाहेर पडू लागला. बर्गर विरुद्ध वडापाव अशी लढाई वर्तमानपत्रांना प्रिय असली तरी मागच्या दाराने दोघांना माल एकाच ठिकाणाहून येत होता.

गोठवलेल्या वड्याने मोठा फायदा दिला: मुंबईपासून दूरच्या गावात, वडा करणारा कुशल माणूस नसतानाही शाखा काढता आली. तोटाही तितकाच खरा होता. दुकानाला भाडे, साखळीच्या मालकाला हक्काची रक्कम, थंड गाडीचा खर्च आणि जाहिरात, एवढे सगळे वड्याच्या किमतीत बसवावे लागते. गाडीवाल्याला यातले जवळपास काहीच नसते. त्याचा हप्ता आणि त्याची पहाट तेवढी असते. त्यामुळे साखळ्या वाढल्या तरी गाड्या हटल्या नाहीत. पुढे जम्बोकिंगने आपल्या मालाला ‘इंडियन बर्गर’ म्हणायला सुरुवात केली. परक्या नावाचा मोह वडापावच्या साखळीलाही सुटला नाही, असे म्हणायला हरकत नाही.

वडापावची उलटी वाट लंडनला निघाली. वांद्र्याच्या रिझवी महाविद्यालयात एकत्र शिकलेले सुजय सोहनी आणि सुबोध जोशी हे दोघे मित्र २००८ नंतरच्या मंदीत लंडनमध्ये अडचणीत सापडले. सोहनी यांची हॉटेलमधली नोकरी गेली. २०१० मध्ये त्यांनी हौन्स्लो भागातल्या एका आइस्क्रीमच्या दुकानातला कोपरा भाड्याने घेतला आणि एका पौंडाला वडापाव विकायला सुरुवात केली. सुरुवातीला रस्त्यावर उभे राहून लोकांना तो फुकट चाखवावा लागला. श्रीकृष्ण वडापाव या नावाने त्यांच्या पुढे हॅरोसह इतर ठिकाणी शाखा झाल्या. मॅकडोनाल्ड्स मुंबईत उतरली तेव्हा तिच्यामागे अमेरिकन भांडवल होते. हे दोघे उतरले ते भाड्याच्या कोपऱ्यात. तरी पद्धत एकच दिसते: परक्या गावात आधी आपली माणसे गाठायची, मग त्यांच्या शेजाऱ्यांकडे वळायचे.

दरम्यान भारतात मॅकडोनाल्ड्सच्या दोन भागीदारांची नशिबे फाकली. मुंबईच्या हार्डकॅसलने २०१० मध्ये कंपनीचा निम्मा वाटा घेऊन टाकला आणि परवान्यावर धंदा चालवू लागली. दिल्लीत २०१३ मध्ये कंपनीने बक्षी यांना व्यवस्थापकीय संचालकपदावरून दूर केले. भांडण कंपनी कायदा मंडळापासून लंडनच्या लवादापर्यंत गेले. २०१७ मध्ये कंपनीने त्यांच्या १६९ शाखांचा करार रद्द केला आणि मे २०१९ मध्ये कंपनीने त्यांचा हिस्सा घेतल्यावर हे प्रकरण मिटले. एकाच देशात, एकाच नावाखाली, एकाच पदार्थावर पश्चिमेला सुरळीत वाढ आणि उत्तरेला बंद दारे. करारातली कलमे धंद्याला कशी फळतात आणि कशी नडतात, याचे इतके उघड उदाहरण क्वचितच मिळते.

साखळीचा तिसरा पाया जमिनीचा. क्रॉकचे आर्थिक व्यवहार पाहणारा सहकारी हॅरी सॉनबॉर्न याने त्याला पटवले होते की जागा कंपनीने ताब्यात घ्यावी आणि शाखाचालकाला ती भाड्याने द्यावी. महाराष्ट्रात हा धडा खाद्यगृहांपेक्षा किराणा साखळ्यांनी जास्त गिरवला. मुंबईला मोठ्या दुकानाची ओळख करून दिली ती खरे तर सहकाराने. नायगावात १९४८ मध्ये कामगारांनी सुरू केलेल्या ग्राहक सहकारी संस्थेतून अपना बाजार वाढला. शेअर बाजारात नाव मिळवलेले राधाकिशन दमानी यांनी १९९९ च्या सुमारास नेरूळला अपना बाजारची शाखा चालवायला घेतली. ती पद्धत त्यांना पटली नाही. २००२ मध्ये त्यांनी पवईला डी-मार्टचे पहिले दुकान उघडले. शक्य तिथे जागा विकत घ्यायची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून स्वस्त माल मिळवायचा, शाखा सावकाश वाढवायच्या, हा त्यांचा खाक्या. आधीच्या वर्षी, २००१ मध्ये, सुरू झालेल्या किशोर बियाणी यांच्या बिग बझारने उलट वाट धरली: भाड्याच्या जागा, कर्ज आणि वेगाने विस्तार. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात, जिथे सूत निघायचे तिथे, त्याचे दुकान लागले. २०२० च्या टाळेबंदीत विक्री थांबली पण भाडी थांबली नाहीत. अ‍ॅमेझॉन आणि रिलायन्स यांच्यातल्या कज्ज्यात बियाणींचा समूह सापडला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये थकलेल्या भाड्याच्या अनेक जागा रिलायन्सने ताब्यात घेतल्या. डी-मार्ट मात्र त्या काळातही स्वतःच्या भिंतींत उभे होते.

परदेशी किराणा साखळ्यांना या शर्यतीत उतरायलाच वेळ लागला. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परदेशी गुंतवणुकीला मुभा दिली आणि डिसेंबरात लोकसभेत त्यावर घमासान झाले. अटी कडक होत्या: किमान १० कोटी डॉलरची गुंतवणूक, त्यातली निम्मी शीतगृहे-वाहतुकीसारख्या कामांवर, ३० टक्के माल लघुउद्योगांकडून, राज्याची संमती, आणि दुकान १० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात. महाराष्ट्राने संमती दिली. लोकसंख्येची अट मराठवाड्याला लावली तर चित्र स्पष्ट होते. २०११ च्या जनगणनेत औरंगाबाद पावणेबारा लाखांचे होते, म्हणून ते बसत होते. जालना शहर तीन लाखांच्याही खाली, म्हणून बाहेर. जाफ्राबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावाचा तर या धोरणात विचारच नव्हता, जरी भाज्यांपासून कडधान्यांपर्यंत साखळ्यांना लागणारा माल पिकतो तो अशाच गावांच्या शिवारात. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ही अट सैल करून निर्णय राज्यांवर सोडला गेला, पण तोवर परदेशी कंपन्यांचा उत्साह ओसरला होता. या मार्गाने आली ती एकटी टेस्को, टाटांच्या ट्रेंटबरोबर. कार्फूर २०१४ मध्ये गाशा गुंडाळून गेली. वॉलमार्टने भारतीशी असलेली भागीदारी २०१३ मध्ये मोडली आणि फक्त घाऊक दुकाने ठेवली. त्यांपैकी एक औरंगाबादेत होते. तिथे दुकानदारांना सभासदत्वावर माल मिळे, सामान्य गिऱ्हाईकाला नाही. मे २०१८ मध्ये वॉलमार्टने १,६०० कोटी डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के वाटा घेतला. दुकानासाठी जे दार उघडले नव्हते त्याला वळसा घालून ती पिनकोडच्या वाटेने आत आली, आणि या वाटेवर दहा लाखांची अट नव्हती. खेड्यातला किराणा दुकानदार मात्र उधारीच्या वहीमुळे टिकला. ती सोय कुठल्याही साखळीच्या गल्ल्यावर मिळत नाही.

राहिला प्रश्न नावाचा. पुण्याच्या कॅम्पात एका इराणी कुटुंबाचे बर्गर किंग नावाचे खाद्यगृह १९९२ पासून चालू आहे. त्याच नावाची अमेरिकन कंपनी १९५४ मध्ये मायामीत सुरू झाली. भारतात तिने १९७९ मध्येच आपले बोधचिन्ह नोंदवले होते, पण पहिले दुकान उघडले ते २०१४ मध्ये दिल्लीत. कंपनीला असा अनुभव नवा नव्हता. ऑस्ट्रेलियात हे नाव तिच्या आधीच कुणीतरी नोंदवले होते, म्हणून १९७१ पासून तिथे तिची दुकाने ‘हंग्री जॅक्स’ या नावाने चालतात. पुण्यात मात्र ती मागे हटली नाही. २०११ मध्ये तिने पुण्याच्या न्यायालयात दावा लावून नाव वापरायला मनाई आणि २० लाख रुपये भरपाई मागितली. पुणेकरांचे उत्तर असे की कंपनी नुसती नोंदणी करून बसली होती. इथल्या गिऱ्हाइकाला हे नाव आमच्यामुळे ठाऊक झाले. त्यांनीही त्रासाबद्दल तेवढीच भरपाई मागितली.

तेरा वर्षांनी, १६ जुलै २०२४ रोजी, जिल्हा न्यायालयाने दोघांच्याही मागण्या फेटाळल्या. पुण्यातले खाद्यगृह कंपनी भारतात येण्याच्या कितीतरी आधीपासून हे नाव प्रामाणिकपणे वापरत होते आणि ग्राहकांची फसगत झाल्याचे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाला दिसले. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुणेकरांना नाव वापरण्यास मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली आणि मूळ अपिलाची सुनावणी उच्च न्यायालयात चालू ठेवण्यास मोकळीक ठेवली.